काकांचे २५ लाख आणि फॉर्मचा सव्विसावा भाग

नमस्कार ताई,

मी उत्तर व्हर्जिनियात राहते. २०२० मध्ये अमेरिकेची नागरिक झाले, डेटाबेसचं काम करते. गेल्या महिन्यात संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीने ऑफर दिली. पगार चांगला आहे, पण 'सीक्रेट' पातळीचा सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, मिळायला हवा. फॉर्मची लिंक आली, भराभर भरत गेले आणि सव्विसाव्या भागात, पैशांच्या प्रश्नांवर, येऊन अडकले. २०२३ मध्ये मिस्टरांची नोकरी गेली, ते वर्षभराहून जास्त घरी होते. त्यातच पुण्यात सासऱ्यांची बायपास झाली, पैसे पाठवावे लागले. तीन क्रेडिट कार्डांवर मिळून ३१ हजार डॉलर चढले. एक कार्ड बँकेने बुडीत खात्यात टाकून वसुली कंपनीला विकलं, दुसरं पाच महिने थकलंय, तिसऱ्याचा किमान हप्ता कसाबसा भरतेय. आता मिस्टरांना नोकरी लागलीय. सांगलीचे काका म्हणतात, २५ लाख पाठवतो, सगळं फेड आणि मग फॉर्म भर. जाऊबाई म्हणतात, जुनं कर्ज काही वर्षांनी क्रेडिट रिपोर्टवरून आपोआप जातं, लिहायचंच कशाला? मिस्टर म्हणतात, ऑफर सोडून दे, महाराष्ट्र मंडळात बोभाटा होईल. शिवाय २०१६ मध्ये मी भावाच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिले होते, तेही सांगायचं का? काय करू?

— एक वाचक, व्हर्जिनिया

*

ऑफर सोडू नका, काही लपवू नका आणि काकांचे पैसे घेऊ नका. फॉर्मची मुदत डोक्यावर असणार, म्हणून निकाल आधी सांगून टाकला. आता कारणं. सुरुवात काकांपासून करते, कारण तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांत सगळ्यात मायेचा तोच आहे आणि सगळ्यात जास्त गोत्यात आणणाराही तोच.

काकांचा हिशोब साधा आहे. आधी डाग धुऊन टाकायचा, मग स्वच्छ कपडे घालून दारात उभं राहायचं. पण हा फॉर्म, ज्याला सगळे एसएफ-८६ म्हणतात, 'आज तुमच्यावर कर्ज आहे का' एवढंच विचारत नाही. गेल्या सात वर्षांत एखादं खातं वसुलीला गेलं का, बँकेने बुडीत धरलं का, १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं का, असं विचारतो. नंतर फेडलं असलं तरी सांगायचंच असतं. म्हणजे उद्या सकाळी काकांच्या पैशांनी तुम्ही तिन्ही कार्डं शून्यावर आणलीत, तरी उत्तर 'हो' ते 'हो'च राहणार. फरक एवढाच, की खाली सद्यस्थितीच्या रकान्यात 'फेडलं' असं लिहाल. आणि समोरचा माणूस लगेच विचारेल, कशातून फेडलं?

इथे खरी गंमत सुरू होते. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी अमेरिकन सरकारचे १३ निकष आहेत, 'ए'पासून 'एम'पर्यंत. सध्याची नियमावली ८ जून २०१७ पासून लागू आहे. तुमची कार्डं 'एफ'मध्ये येतात, म्हणजे आर्थिक बाबी. परदेशातल्या माणसांचा, पैशांचा, हितसंबंधांचा दबाव तुमच्यावर येऊ शकतो का, हे पाहणारा निकष 'बी'. तुम्ही भारतात वाढलात, नातेवाईक तिकडे आहेत, म्हणून 'बी'मधले प्रश्न तुम्हाला तसेही येणार आहेत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भारतात आईवडील असलेल्या पुष्कळ लोकांना क्लिअरन्स मिळालेला आहे. पण काकांकडून २५ लाख घेतलेत, की 'एफ'मधलं समजण्यासारखं, कागदावर मांडता येण्यासारखं दुखणं उचलून तुम्ही स्वतःच्या हाताने 'बी'मध्ये नेऊन ठेवता. कर्ज कुठेच जात नाही, फक्त सावकार बदलतो. आधी तो डेलावेअरमधली एखादी बँक होता, आता तो परदेशी नागरिक आहे, परदेशात राहतो आणि त्याचा शब्द तुम्हाला मोडवत नाही. तुमचे काका देवमाणूस असतील, पण निकष त्यांचा स्वभाव पाहून लिहिलेला नाही.

काका म्हणतील, कर्ज कसलं, भेट समज. तरीही तेच. एवढी मोठी भेट देणाऱ्या माणसाशी तुमचं नातं काय, मिंधेपणा किती, हे विचारलं जाणारच. आणि आपल्या लोकांत चालतो तसा तो तिसरा मार्ग, म्हणजे इथल्या कुणाच्या तरी भाच्याने तुम्हाला डॉलर द्यायचे आणि सांगलीत काकांनी त्याच्या वडिलांना रुपये द्यायचे, तो तर मनातही आणू नका. भारताच्या परकीय चलनाच्या फेमा कायद्यात ते बसत नाही आणि इथल्या मुलाखतीत त्याचं स्पष्टीकरण देता देता नाकी नऊ येतील. काकांना सांगा, तुमचे आशीर्वाद पाठवा, पैसे राहू द्या. रागावतील चार दिवस.

मुळात सरकारला तुमच्या क्रेडिट कार्डाशी काय देणंघेणं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. याचं उत्तर जुन्या प्रकरणांत आहे. रोनाल्ड पेल्टन नावाचा माणूस एनएसए या गुप्तचर संस्थेत होता. १९७९ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली आणि १९८०च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत जाऊन डोक्यातली माहिती विकायला काढली. सीआयएचा अल्ड्रिच एम्स घटस्फोटानंतर देण्यांखाली दबला होता. १९८५च्या एप्रिलमध्ये तोही त्याच वकिलातीच्या पायऱ्या चढला. त्याने दिलेल्या नावांमुळे माणसं मारली गेली. एम्स पकडला गेला १९९४ मध्ये. मधल्या काळात पगार सत्तर हजार डॉलरच्या आत असताना त्याने आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजार डॉलरचं घर रोख पैशांत घेतलं होतं आणि जॅग्वार फिरवत होता. म्हणून 'एफ' निकषात थकलेल्या देण्यांबरोबर अचानक आलेल्या, हिशोब न लागणाऱ्या पैशांचाही उल्लेख आहे. पैसे नाहीत म्हणून जशी शंका येते, तशी कुठून तरी अचानक आले म्हणूनही येते. काकांच्या योजनेत तुम्ही एका महिन्यात दोन्ही टोकं गाठणार होतात.

हे वाचून स्वतःला त्या पंगतीत बसवू नका. कर्जात असलेला माणूस हेर होतो असं कुणीच मानत नाही, सरकारही नाही. ते दोन गोष्टी पाहतात. गळ्याशी आलं तर हा माणूस भलतं पाऊल उचलेल का? आणि साधी कार्डाची शिस्त ज्याला पाळता आली नाही, तो गोपनीय कागदांची पाळेल का? यासाठी आकड्याची मर्यादा कुठेही नाही. ३१ हजार म्हणजे फार की थोडे, याला अर्थ नाही. लाखभर डॉलरची देणी असून क्लिअरन्स मिळालेले लोक आहेत आणि त्याहून कितीतरी कमी रकमेवर नाकारलेलेही आहेत. फरक पडतो तो कर्ज का झालं आणि झाल्यावर तुम्ही काय केलंत, यावर.

तुमची बाजू इथे चांगली आहे. नियमातच लिहिलंय, की नोकरी जाणं, अचानक आलेलं आजारपण, मृत्यू, घटस्फोट अशा हाताबाहेरच्या कारणांनी देणी थकली असतील तर ती जमेची बाजू धरावी. पण वाक्य तिथे संपत नाही आणि आपल्या लोकांचं नेमकं पुढच्या अर्ध्या वाक्याकडे दुर्लक्ष होतं. त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात, हेही दिसलं पाहिजे. मिस्टरांची नोकरी गेली ही झाली अर्धी गोष्ट. पहिला हप्ता चुकला तेव्हा बँकेला फोन केला होतात का? खर्च कशावर कापला? पाच महिन्यांत त्या दुसऱ्या कार्डाला निदान पन्नास डॉलर तरी गेले का? आणि हा प्रश्न बोचेल, पण येणार: त्या काळात भारताची ट्रिप झाली का, मुलाची मुंज झाली का, सोनं घेतलं का? आपल्याकडे घरात चणचण असली तरी मुंज दणक्यात करायची पद्धत आहे. तपास अधिकाऱ्याला पंगतीचं कौतुक नसतं. तसं काही झालं असेल तर खरं ते सांगायचं, कुणाच्या पैशांनी झालं तेही सांगायचं.

सासऱ्यांच्या ऑपरेशनचं मात्र नीट मांडा. पुण्याच्या हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज कार्ड आणि तुम्ही पाठवलेल्या पैशांच्या पावत्या एकत्र ठेवा. तारखा जुळल्या पाहिजेत. बिल मार्चचं आणि पैसे आदल्या ऑगस्टमध्ये गेलेले, असं असेल तर का, ते एका ओळीत लिहून ठेवा.

आता जाऊबाई. त्या म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. थकलेल्या खात्याची नोंद साधारण सात वर्षांनी क्रेडिट रिपोर्टवरून जाते, आणि दावा लावायची मुदतही कधीतरी संपते. पण मुदत संपली म्हणून कर्ज फिटलं असं क्लिअरन्सच्या निकालांत धरत नाहीत. नुसतं वाट बघत बसणं म्हणजे फेडायचा प्रामाणिक प्रयत्न नव्हे, असं तिथल्या अपील मंडळाने पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. आणि 'लिहूच नको' याबद्दल तर स्पष्टच सांगते. तुमचा क्रेडिट रिपोर्ट ते स्वतः मागवतात, तशी परवानगी तुम्ही याच फॉर्मसोबत सही करून देता. वसुली कंपनीचं नाव त्यांच्यासमोर छापील असणार आणि तुमच्या उत्तरात 'नाही' असणार. मग विषय पैशांचा उरत नाही, खोटेपणाचा होतो. त्याचा निकष वेगळा, 'ई', वैयक्तिक वर्तन. कर्ज फेडून 'एफ'मधून बाहेर येता येतं. खोटं बोललात तर ते कशाने फेडणार? शिवाय सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फौजदारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाऊबाईंना हे वाचून दाखवा हवं तर.

तेव्हा सव्विसाव्या भागात काय लिहायचं? वसुलीला गेलेलं कार्ड, हो. पाच महिने थकलेलं, हो, १२० दिवस उलटून गेलेत. तिसरं कार्ड थकलेलं नाही, म्हणून त्याची थकबाकी म्हणून नोंद करायची नाही. रिपोर्टवर ते दिसेलच, विचारलं तर सांगा. लिहिण्याआधी तिन्ही कंपन्यांचे, म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियनचे, रिपोर्ट काढा. अॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट नावाच्या अधिकृत साइटवर ते फुकट मिळतात. तिघांत थोडाफार फरक असतो. एकीवर वसुली कंपनीचं नाव एक असतं, दुसरीवर बँकेचंच अजून दिसत असतं. तुमच्या उत्तरात खाते क्रमांक आणि तारखा या कागदांशी जुळल्या पाहिजेत. टिप्पणीच्या चौकटीत चार वाक्यं पुरेत: नोकरी कधी गेली, आजारपण कधी आलं, आता उत्पन्न काय आणि फेड कशी चालू आहे. रडगाणं नको आणि बँकेला शिव्याही नकोत.

'फेड कशी चालू आहे' हे वाक्य खरं असायला हवं, म्हणून ते काम याच आठवड्यात सुरू करा. आधी पाच महिने थकलेलं कार्ड. ते अजून बँकेकडेच आहे, बुडीत खात्यात जायच्या आत फोन करा आणि अडचणीतल्या ग्राहकांसाठी काही सवलतीची योजना आहे का ते विचारा. बऱ्याच बँका व्याज कमी करून हप्ते बांधून देतात. एकदा ठरलं, की ते लेखी मागा. मग वसुली कंपनी. तिला पहिल्यांदा पत्र लिहून कर्जाचा पुरावा मागा, कारण ही कर्जं एकीकडून दुसरीकडे विकली जातात आणि चुकीच्या माणसाला पैसे गेले तर पुन्हा भरावे लागतात. पुरावा आला की तडजोडीची बोलणी करा. पूर्ण रकमेपेक्षा कमीत मिटलं तर उत्तमच, क्लिअरन्सच्या दृष्टीने तेही चालतं. फक्त लक्षात ठेवा, ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त सूट मिळाली की बँक किंवा वसुली कंपनी १०९९-सी नावाचा कागद पाठवते आणि ती सूट तुमचं उत्पन्न धरली जाते. त्यावर टॅक्स लागतो. कर्ज मिटवलं आणि टॅक्स चुकला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर या टॅक्समधून सूट मिळू शकते, पण त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो.

रेडिओवर जाहिराती करणाऱ्या, 'तुमचं कर्ज अर्ध्यावर आणून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांच्या नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याच जणी पहिली गोष्ट सांगतात ती, कार्डांचे हप्ते भरणं थांबवा आणि पैसे आमच्याकडच्या खात्यात साठवा. म्हणजे तुमचं तिसरं, अजून चालू असलेलं कार्डही १२० दिवसांपलीकडे जाणार. मदत हवी असेल तर एनएफसीसी या कर्ज समुपदेशन संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न असलेल्या ना-नफा समुपदेशन संस्थेकडे जा. तिथे बजेट बनवून देतात आणि तिन्ही कार्डांचा मिळून एकच मासिक हप्ता बांधून देतात. विश्वासार्ह संस्थेकडून घेतलेलं समुपदेशन निकषात जमेची बाजू म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. दिवाळखोरीचा पर्याय कुणी सुचवला तर दचकू नका, तोही कायदेशीर उपाय आहे आणि त्याने क्लिअरन्स आपोआप जात नाही. पण आता घरात दोन पगार आहेत, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

हप्ता झेपेल एवढाच बांधा. सहा महिने न चुकता गेलेले ४०० डॉलर, तीन हप्त्यांत बंद पडलेल्या १,२०० डॉलरपेक्षा कितीतरी जास्त बोलतात. सगळं फेडून झालेलं असलं पाहिजे असा नियम नाही. झेपेल अशी योजना हवी आणि तिच्यावर प्रत्यक्ष पावलं पडलेली दिसायला हवीत.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत आणि मी टॅक्सची कामं करत असल्यामुळे मला विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमचं भारतात एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं आहे का? एफडी? आईबरोबर जॉइंट खातं, ज्यात पैसे आईचे पण नाव तुमचंही? परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा सरकारी फॉर्म, भरावा लागतो आणि एफडीचं व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, तिकडे टीडीएस कापला असला तरी. आपल्यातले बरेच लोक हे करत नाहीत, 'तिकडचं तिकडे' म्हणून सोडून देतात. क्लिअरन्सच्या प्रकरणांत थकलेल्या कार्डापेक्षा न भरलेला टॅक्स जड जातो, कारण कार्ड बँकेचं असतं आणि टॅक्स सरकारचा. विसाव्या भागात परदेशी खात्यांबद्दल वेगळे प्रश्न आहेतच. तिथे खातं लिहिलंत आणि रिटर्नमध्ये ते नसलं, तर दोन कागद एकमेकांविरुद्ध साक्ष देतील. असं काही राहिलं असेल तर फॉर्म पाठवण्याआधी सीपीएला, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाला, गाठा. चूक अनवधानाने झाली असेल तर दुरुस्त करायचे मार्ग आयआरएसने, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याने, ठेवलेले आहेत, पण त्यांनी विचारण्याआधी आपण गेलेलं बरं.

फॉर्म गेला की पुढे काय होतं, तेही सांगते. तपास डीसीएसए नावाची संस्था करते, तिचं मुख्यालय तुमच्याच राज्यात, क्वांटिकोला आहे. तुमच्या फॉर्ममध्ये पैशांचा मुद्दा असल्यामुळे मुलाखतीला बोलावणं येण्याची शक्यता धरून चाला. मुलाखत साधी असते. समोरचा माणूस रिपोर्टवरच्या एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारतो, हे खातं कशाचं, पहिला हप्ता कधी चुकला, का चुकला, मग काय केलंत, आज शिल्लक किती. ज्यांच्याकडे फाइल असते त्यांचं काम पटकन उरकतं. मिस्टरांचं कामावरून कमी केल्याचं पत्र, बेकार भत्त्याचे कागद, हॉस्पिटलचं बिल, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, प्रत्येक हप्त्याची पावती आणि एका पानावर घरचा मासिक जमाखर्च. शेवटचा कागद फार कमी लोक नेतात, आणि महिन्याअखेर किती उरतात हे त्याच कागदावर दिसतं.

समजा एवढं करूनही त्यांचं समाधान झालं नाही, तर थेट नकार येत नाही. आधी आक्षेपांचं लेखी निवेदन येतं, आकड्यांनिशी, कलमवार. उत्तराला २० दिवस असतात. तुम्ही कंत्राटदाराकडे असणार, म्हणून तुम्हाला प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते आणि त्यावर अपीलही आहे. तिथे मात्र पुरावा तुम्ही द्यायचा असतो आणि शंका उरली तर तिचा फायदा देशाला, तुम्हाला नाही. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय. तशी वेळ आली तर या कामातला वकील गाठा, माझ्यासारखीला विचारू नका.

मिस्टरांच्या अब्रूच्या काळजीबद्दल. 'सीक्रेट' पातळीला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी सहसा होत नाही, ते जास्त करून 'टॉप सीक्रेट'ला असतं. कंपनीतला सुरक्षा अधिकारी फॉर्म पाहतो, पण सगळं भरलंय का आणि नीट भरलंय का हे तपासण्यापुरताच. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी त्याला तो वापरता येत नाही. सुनावणीपर्यंत गेलेले निकाल प्रसिद्ध होतात, पण अर्जदाराचं नाव काढून. ते निकाल मिस्टरांना वाचायला द्या. आर्थिक प्रकरणं त्यात सगळ्यात जास्त आहेत, आणि नोकरी गेलेले, आजारपणात बुडालेले, कुणासाठी तरी सही करून अडकलेले लोक पानोपानी भेटतात. महाराष्ट्र मंडळात कुणी बोललंच तर ते तुमच्या घरातूनच बाहेर गेलेलं असेल. बहुधा जाऊबाईंकडून.

खरा धोका वेगळा आहे. पूर्ण तपास व्हायच्या आधी बऱ्याचदा तात्पुरता क्लिअरन्स देतात, म्हणजे काम सुरू करता येतं. पैशांचा मुद्दा दिसला की हा तात्पुरता क्लिअरन्स मिळेलच असं नाही, आणि तो नाकारला तर त्यावर अपीलही नसतं. हा अंतिम नकार नव्हे, तपास चालूच राहतो. पण कंपनीला माणूस लगेच हवा असेल तर ती ऑफर मागे घेऊ शकते. म्हणून आत्ताच्या नोकरीचा राजीनामा इतक्यात देऊ नका. ऑफर देणाऱ्यांना सरळ विचारा, तात्पुरता क्लिअरन्स लांबला तर तुम्ही थांबाल का, तोवर दुसरं काम आहे का? हे विचारण्यात कमीपणा नाही, हे प्रश्न त्यांना नेहमीचे आहेत.

मिळाल्यावरही सुटका झाली असं समजू नका. हल्ली क्लिअरन्सधारकांच्या क्रेडिटवर सतत नजर असते. पूर्वी पाच-दहा वर्षांनी फेरतपासणी व्हायची, आता एखादं खातं थकलं की यंत्रणेला सूचना जाते. दिवाळखोरी किंवा १२० दिवसांवरची थकबाकी आपण होऊन कळवावी लागते. तेव्हा बँकेशी आत्ता जो हप्ता ठरवाल तो आपोआप कापला जाईल असं करून टाका.

राहिला भावाचा जामीन. तोही हिशोबात धरायचा, पण लिहायचा की नाही हे कर्ज थकलंय का यावर ठरतं. सव्विसाव्या भागात स्वतःच्या कर्जांबरोबर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन असलेली देणीही विचारली आहेत. भाऊ हप्ते वेळेवर भरत असेल तर तिथे लिहिण्यासारखं काही नाही. पण थकला असेल तर भारतीय करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते, तेव्हा त्यात जामीनदारांचीही नावं घालते. आणि ती नोटीस तुमच्या माहेरच्या पत्त्यावर जाऊन वडिलांच्या कपाटात पडलेली असू शकते. भावाला विचारून 'हो गं, भरतोय' एवढ्यावर समाधान मानू नका. त्याला कर्जखात्याचा उतारा घ्यायला सांगा, त्यावर आजअखेर थकबाकी किती, शेवटचा हप्ता कधी आणि जामीनदारांना नोटीस गेली आहे का, हे शाखाधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी हवं. मराठीत असला तरी चालेल, भाषांतर इथे करून घेता येतं. तूर्त त्याने फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला तरी पुरे, पण फॉर्म पाठवायचं बटण दाबायच्या आधी तो तुमच्या हातात असू द्या.